शैक्षणिक कर्जाचा हप्ता पगार बघून ठरवा

जून-जुलै आला की बँकांच्या शाखांबाहेर शैक्षणिक कर्जाचे फलक लागतात, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत 'कर्ज कसं मिळवाल' हे सांगणारे लेख येतात, आणि एखाद्या कर्जमेळाव्यात मंत्रिमहोदय मंजुरीपत्रं वाटताना फोटोत दिसतात. कर्ज मिळालं की बातमी संपते. त्यानंतर पाच वर्षांनी, पहिला हप्ता पडतो त्या महिन्यात, त्या घरात काय चालतं याची बातमी कोणी करत नाही. मी नोकरीची सगळी वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची एका तालुक्याच्या गावी, कर्जविभागाच्या टेबलावर. तिथे बसून झालेलं माझं मत असं की आपल्या शैक्षणिक कर्जाचा खरा दोष व्याजदरात नाही, मंजुरीतही पूर्वीइतका राहिलेला नाही. तो हप्ता कधी सुरू होतो आणि किती रकमेचा बसतो, यात आहे. आज हप्ता कॅलेंडर बघून पडतो. तो पगार बघून पडायला हवा.

आधी हिशेब मांडू. इंजिनिअरिंगला वर्षाला दीड लाख याप्रमाणे चार वर्षांत सहा लाखांचं कर्ज घेतलं, व्याज दहा टक्के. शिक्षण चालू असताना आणि ते संपल्यावर आणखी एक वर्ष हप्ता नसतो; या काळाला बँकेत मोरॅटोरियम म्हणतात, आणि त्यात सरळव्याज लागतं. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षं, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. व्याज झालं 2 लाख 10 हजार. हे व्याज मुद्दलात मिळवतात आणि हप्ता बसतो तो 8 लाख 10 हजारांवर. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिना सुमारे 10,700 रुपये. पंधरा वर्षं, म्हणजे जास्तीत जास्त मुदत घेतली, तर सुमारे 8,700. पंधरा वर्षांच्या हिशेबात घेतलेल्या सहा लाखांचे साडेपंधरा लाखांहून जास्त भरले जातात. हे आकडे मंजुरीच्या दिवशी कुठल्याही पालकाला कोणी लिहून दाखवत नाही. त्या दिवशी त्यांच्यासमोर विद्यार्थ्याच्या आयुर्विम्याचा फॉर्म मात्र हमखास येतो, आणि त्याचा हप्ताही कर्जातच मिळवलेला असतो.

आता दुसरी बाजू बघू. मोठ्या आयटी कंपन्यांत नवख्या इंजिनिअरचं पॅकेज गेली दहाएक वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतं आहे. फी, घरभाडं, मेस सगळं वाढलं, हा आकडा जागचा हलत नाही. पीएफ आणि बाकीची कपात जाऊन हातात येतात पंचवीसेक हजार. त्यातून वाकड-हिंजवडीकडे कॉट बेसिसवर जागा, मेस, येणं-जाणं, आणि वर दहा हजार सातशे. आणि हा ज्याला कॅम्पसमध्ये नोकरी लागली त्याचा हिशेब झाला. मेकॅनिकल किंवा सिव्हिल करून चाकण-रांजणगावला 'ट्रेनी' म्हणून लागलेल्या मुलाच्या हातात याहून बरंच कमी पडतं. आणि जो सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीची जाहिरात कधी निघते याची वाट बघतो आहे, त्याच्या हातात काहीच पडत नाही. मोरॅटोरियम संपायला आयोगाचं वेळापत्रक लागत नाही. वर्ष भरलं की संगणक हप्ता पाडतो.

कर्ज मुलाच्या नावावर असतं असं सगळे म्हणतात. फाइल उघडली की सहकर्जदार म्हणून बापाची सही दिसते, कधी आईची. हप्ता नव्वद दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीएत, म्हणजे बुडीत-थकीत कर्जांत, जातं, आणि नियम असा की एनपीए हा शिक्का एका खात्याला लागून थांबत नाही, कर्जदाराच्या त्या बँकेतल्या सगळ्या कर्जांना लागतो. याचा अर्थ मे महिन्यात कळतो.

खरिपाच्या तोंडावर असेच एक गृहस्थ आले होते. पीककर्ज नवंजुनं करायचं होतं. वीस वर्षांत एकदाही थकवलेलं नव्हतं. स्क्रीनवर मात्र मुलाच्या शैक्षणिक कर्जाचे चार हप्ते लाल दिसत होते. मुलगा इंजिनिअर झाला होता, एका वर्कशॉपमध्ये ट्रेनी होता आणि घरून पैसे मागवत होता. "साहेब, पोराच्या कॉलेजचा आणि माझ्या खत-बियाण्याचा काय संबंध?" असं त्यांनी विचारलं. मी संबंध समजावून सांगितला. तो बरोबर होता, नियमाला धरून होता, आणि सांगताना मला स्वतःला पटत नव्हता. ते ऐकून घेऊन उठले आणि कृषी सेवा केंद्रातून उधारीवर माल घेतला. उधारीचा भाव रोखीपेक्षा किती चढा असतो हे शेतकऱ्याला सांगायला नको. त्या वर्षीचं इंजिनिअरिंगच्या कर्जाचं ओझं असं सोयाबीनच्या रानात जाऊन बसलं.

तारणाचीही एक गंमत आहे, म्हणजे गंमत कसली. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही. 2015पासून केंद्राच्या हमी निधीतून बँकेला 75 टक्के हमी मिळते. त्यावरच्या रकमेला तारण द्यावं लागतं, आणि मेडिकल किंवा परदेशातलं शिक्षण म्हटलं की रक्कम त्यावर जातेच. थकीत कर्जासाठी मालमत्ता जप्त करायचा बँकांचा हुकमी कायदा म्हणजे सरफेसी, आणि त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. शेतकऱ्याच्या संरक्षणासाठी वगळली, ते योग्यच. पण त्यामुळे बँक सातबाऱ्याकडे बघतही नाही. एनए प्लॉट आहे का, फ्लॅट आहे का, असं विचारते. शहरात एक बीएचके असलेला कारकून तारण देऊ शकतो आणि पाच एकर बागायतीचा मालक देऊ शकत नाही. मग पतसंस्था, सोनं, नाहीतर सावकार.

सरकार काहीच करत नाही, असं म्हणणं खोटेपणाचं होईल. 2009पासून केंद्राची व्याज अनुदान योजना आहे: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर मोरॅटोरियमच्या काळातलं सगळं व्याज सरकार भरतं. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तीत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या विद्यार्थ्याला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे, आणि तारण-जामीनदाराची अट नाही. पण ही योजना राष्ट्रीय क्रमवारीतल्या निवडक संस्थांपुरती आहे; सुरुवातीला त्या 860 होत्या. ज्या मुलाला अशा संस्थेत प्रवेश मिळतो, त्याला नोकरी लागायची आणि कर्ज फिटायची शक्यता मुळातच जास्त असते. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या, तिसऱ्या राउंडला जिल्ह्याच्या गावातल्या विनाअनुदानित कॉलेजात जागा मिळालेली मुलगी या यादीत नाही, आणि धोका आहे तो तिलाच. तिला व्याज अनुदानाच्या जुन्या योजनेवर आणि बँकेच्या मर्जीवर सोडून दिलेलं आहे.

आणि या दोन्ही योजनांमधली मदत येते कधी? मोरॅटोरियममध्ये. म्हणजे ज्या काळात हप्ता मागायला कोणी येतच नाही त्या काळात. मदतीचा फायदा होतो, नाही असं नाही. वरच्या उदाहरणात पूर्ण व्याज अनुदान मिळालं तर हप्ता सहा लाखांवरच बसेल आणि दहा वर्षांच्या मुदतीत आठ हजारांच्या खाली येईल. पण शिक्षण संपून वर्ष झालं, मुलगा बेकार आहे, आणि नेमक्या त्याच महिन्यात सरकार हात काढून घेतं. छत्री मे महिन्यात द्यायची आणि सात जूनला परत मागायची, असला हा प्रकार.

पुढे काय होतं तेही सांगतो, कारण बँकेबाहेरच्या लोकांना ते दिसत नाही. खातं थकतं, फोन सुरू होतात, मग वसुली एजंट घरी जातो. मुलगा पुण्यात असतो, एजंट गावी जातो. गावात चार लोकांसमोर चौकशी होते. दोन-तीन वर्षांनी लोकअदालतीची नोटीस निघते आणि तिथे बँक स्वतःच म्हणते, एकरकमी भरा, व्याज सोडून देतो. म्हणजे सवलत शेवटी द्यावी लागतेच! काही बँकांनी तर थकीत शैक्षणिक कर्जं निम्म्याहून कमी किमतीत मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकून टाकली. जी सूट कंपनीला दिली ती मुलाला आधी दिली असती, तर पैसेही जास्त आले असते आणि घराची शोभाही झाली नसती. अशी एकरकमी तडजोड (ओटीएस) केलेल्या मुलाच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढे घरासाठी कर्ज मागायला गेला की तोच शेरा आड येतो. बावीस-तेवीसाव्या वर्षी नोकरी नव्हती, एवढाच त्याचा गुन्हा असतो.

केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये एका प्रकरणात सांगितलं की केवळ सिबिल स्कोअर कमी आहे म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही. निकाल चांगलाच आहे. पण तोही दारात शिरण्याबद्दल आहे. आत गेल्यावर काय, हा प्रश्न तिथेच राहतो.

यावर माझं म्हणणं साधं आहे. शिक्षण संपल्यावर एका ठरावीक मासिक उत्पन्नापर्यंत हप्ता शून्य असावा, आणि त्यावर जे मिळेल त्याचा ठरावीक हिस्सा हप्ता म्हणून जावा. उदाहरणादाखल धरा, वीस हजारांपर्यंत काही नाही, वरच्या रकमेच्या वीस टक्के. पंचवीस हजार मिळवणारा हजार रुपये भरेल, साठ हजार मिळवणारा आठ हजार, लाख मिळवणारा सोळा हजार. नोकरी गेली की हप्ता आपोआप थांबेल, कोणाच्या पाया न पडता. हिस्सा किती, मर्यादा किती, यावर वाद घालायला मी तयार आहे. पण नोकरी नसलेल्या माणसाकडे आणि नोकरी असलेल्या माणसाकडे एकच रक्कम मागणं हे कर्जवसुलीचं शास्त्र म्हणूनसुद्धा टिकत नाही.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. ऑस्ट्रेलियाने 1989 मध्ये ही पद्धत आणली. तिथे विद्यार्थ्याचं कर्ज आयकर खातं वसूल करतं, पगार ठरावीक रकमेच्या वर गेला की. इंग्लंडमध्येही पगाराच्या मर्यादेवरच्या रकमेच्या नऊ टक्के कापले जातात आणि ठरावीक वर्षांनंतर उरलेलं कर्ज माफ होतं. दोन्हीकडे आपली मराठी मुलं शिकतात, पण त्यांना ही सोय नसते. ती तिथल्या रहिवाशांसाठी आहे. आपली मुलं जातात ती इथल्या बँकेचं किंवा बिगरबँक वित्तसंस्थेचं महागडं कर्ज घेऊन, घर तारण ठेवून. अमेरिकेला गेलेल्यांचा सगळा हिशेब डॉलरमधल्या पगारावर बेतलेला असतो. सप्टेंबर 2025 मध्ये एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली तेव्हा नागपूर-नाशिकच्या किती घरांत त्या रात्री झोप उडाली असेल याची कल्पना मला करता येते. हप्ता मात्र रुपयांत आणि तारखेलाच.

या परदेशी पद्धतींचं मी आंधळं कौतुक करणार नाही. इंग्लंडमध्ये 2012 मध्ये फी एका फटक्यात नऊ हजार पौंडांपर्यंत नेली गेली. 'आत्ता थोडंच भरायचं आहे, पगारातून जाईल' हा युक्तिवाद ती वाढ गळी उतरवायला कामी आला. वर महागाईच्या दरापेक्षा तीन टक्क्यांपर्यंत जास्त व्याज लावलं. परिणाम असा की लाखो पदवीधर दरमहा कापून देतात आणि वर्षअखेर कर्ज वाढलेलंच असतं. पुढे 2023पासूनच्या विद्यार्थ्यांसाठी व्याज महागाईपुरतं खाली आणलं, पण माफीची मुदत तीस वर्षांवरून चाळीस केली. ऑस्ट्रेलियातही 2023 मध्ये महागाईमुळे थकबाकी एका झटक्यात 7.1 टक्क्यांनी फुगली. ओरड झाल्यावर सरकारला ती वाढ मागे घेऊन कमी करावी लागली, आणि 2025 मध्ये सगळ्यांच्या कर्जातले सरसकट वीस टक्के कमी करण्याचा कायदा करावा लागला.

म्हणून व्याजाला झाकण हवं. आणि ते झाकण शोधायला आपल्याला मेलबर्नला जायची गरज नाही. दामदुपटीचा दंडक आपल्या धर्मशास्त्रातला, मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी इंग्रजी अमलातही मानलेला: मुद्दलापेक्षा जास्त व्याज एका वेळी मागता येत नाही. बँकांना तो लागू नाही, आणि मुळात तो थकलेल्या व्याजापुरता आहे. पण शैक्षणिक कर्जापुरतं त्याचं तत्त्व थोडं वाढवून घ्यावं. घेतलेल्या मुद्दलाच्या दुपटीवर एकूण वसुली जाऊ नये, मग मुदत कितीही लांबो. वर सांगितलेल्या हिशेबात दहा वर्षांत फेडणारासुद्धा बाराऐवजी पावणेतेरा लाखांहून जास्त भरतो हे लक्षात घ्या. सावकाराला जी मर्यादा आपण घालतो ती बँकेला घालताना हात का थरथरावा?

हरकती मला ठाऊक आहेत, कारण त्यातल्या अर्ध्या मीच टेबलाच्या पलीकडून घेतल्या असत्या. पहिली: आपल्या देशात उत्पन्न कळतं कुठे? पगारदाराचं कळतं. पॅन आहे, फॉर्म 16 आहे, भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन आहे. मालक जसा टीडीएस कापतो तसा हप्ता कापू शकतो. व्यावसायिकाचं विवरणपत्र आहे. रोखीत कमावणारा सुटेल, हे खरं. तो आजही सुटतो. आज फरक एवढाच की जो सुटत नाही त्याचा बाप पकडला जातो. दुसरी हरकत: मुलं मुद्दाम कमी पगार दाखवतील, नोकरी लपवतील. दहा वर्षांपूर्वी हे चाललं असतं. आज नोकरी बदलताना आधीची पगारपत्रकं द्यावी लागतात, त्यामुळे हजार रुपये वाचवायला कोणी आपला पुढचा पगार कमी करून घेणार नाही. तिसरी हरकत खरी जड आहे. बँक लोकांच्या ठेवी वापरते, तिला पैसे कधी परत येतील हे माहीत असावं लागतं. हे मान्य. म्हणून ही जबाबदारी एकट्या बँकेवर टाकून चालणार नाही. हमी निधी आजच 75 टक्के जोखीम घेतो आहे, पण ती कर्ज बुडाल्यावर. तोच निधी हप्ता आणि पगार यांच्यातली तूट दरमहा भरून काढेल आणि पगार वाढला की वसूल करेल, अशी त्याची मांडणी बदलावी. पैसा तोच, खर्च करायची वेळ वेगळी.

आणि कर्जमाफीचं काय, असं कोणीतरी विचारणारच. महाराष्ट्राने 2017 आणि 2019 मध्ये शेतकरी कर्जमाफ्या पाहिल्या. ज्याने पदरमोड करून वेळेवर भरलं त्याचा चेहरा मी काउंटरवर पाहिलेला आहे. माफीने एक पिढी सुटते आणि पुढच्या वर्षीच्या प्रवेशाची मुलं त्याच सापळ्यात येतात. अमेरिकेत 2022 मध्ये अध्यक्षांनी विद्यार्थ्यांची कर्जं अंशतः माफ करायची घोषणा केली आणि 2023च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. वर्षभर लोक आशेवर राहिले, हाती काही आलं नाही. मला सरसकट माफी नको. मला हप्त्याची रचना बदललेली हवी.

पण एक अट आधी. फीवर लगाम नसताना पगाराशी जोडलेलं कर्ज आणलं, तर त्याचा फायदा संस्थाचालक खातील. महाराष्ट्रात हे नाटक आपण 1983पासून बघतो आहोत. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. बंगळूर-दावणगिरीकडे जाणारी मुलं इथेच शिकू लागली, हे श्रेय दिलंच पाहिजे. ग्रामीण भागात इंजिनिअरिंग पोचलं ते त्यामुळे. चार वर्षांत, 1987 मध्ये, त्याच राज्याला कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी उकळली जाणारी देणगी, बंद करणारा कायदा करावा लागला. यावरून काय ते समजावं. पुढे सर्वोच्च न्यायालयात उन्नीकृष्णन, टीएमए पै, इनामदार असे खटले गाजले. निष्कर्ष असा निघाला की संस्थेने वाजवी शिल्लक ठेवावी, नफेखोरी करू नये. 2015च्या राज्य कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आलं. प्राधिकरण फी ठरवतं ती संस्थेने दाखवलेल्या खर्चावर. खर्च जितका मोठा तितकी फी मोठी. मग प्राध्यापकाचा पगार कागदावर एक आणि हातात एक, ही कुजबुज कोणत्या जिल्ह्यात ऐकू येत नाही? आणि अभिमत विद्यापीठं व स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं झपाट्याने वाढताहेत, तिथे राज्याच्या फी-सवलतीच्या योजनाही लागू नाहीत. कॉलेजचं विद्यापीठ झालं की फलक बदलतो आणि गरीब मुलाची सवलत जाते. हे थांबल्याशिवाय कर्जाची कुठलीही नवी योजना आणली तर मी तिला विरोध करेन.

कर्जाच्या चर्चेत डॉ. आंबेडकरांचं उदाहरण नेहमी प्रेरणेसाठी दिलं जातं. ते अटींसाठी वाचावं. 1913 मध्ये सयाजीराव महाराजांनी त्यांना कोलंबियाला पाठवलं ते महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार करून. परतफेड अशी कामाशी जोडलेली होती. 1917 मध्ये ते बडोद्याला हजर झाले; अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना, पारशी वसतिगृहात नाव बदलून राहिले, तिथून हुसकावले गेले, नोकरी सोडावी लागली. करार पुरा न होण्यात शिकणाऱ्याचा दोष नव्हता. लंडनचं अर्धवट शिक्षण पुरं करायला 1920 मध्ये गेले ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांच्या मदतीने आणि नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेऊन. ज्याला समाज काम देत नाही त्याच्याकडून तारखेवर पैसे मागायचे का, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी आपल्यासमोर आलेला आहे. आज नोकरी नाकारण्याची कारणं थोडी बदलली, एवढंच.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901पासून वसतिगृहं उभी केली, भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' चालवलं. त्या दोघांनी ओळखलं होतं की फीपेक्षा राहण्या-जेवण्याचा खर्च मुलाला आधी परत पाठवतो. आज शाहू महाराजांच्याच नावाच्या शिष्यवृत्तीत शिक्षणशुल्काचा निम्मा वाटा मिळतो. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना 2024-25पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. उत्तम निर्णय. स्वाधारसारख्या योजनेत निर्वाहभत्ताही आहे. तरीही या मुली आणि मुलं माझ्या टेबलासमोर का येत होती? कारण पैसे मंजूर असतात, येत नाहीत.

कॉलेजच्या अकाउंट्सच्या खिडकीवर जाऊन उभं राहा. परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख दोन दिवसांवर आहे, खिडकीच्या आत 'नो ड्यूज'चा शिक्का आहे, आणि बाहेर उभी मुलगी मोबाइलवर महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलचं पान दाखवते आहे: अर्ज मंजूर, पहिला हप्ता प्रलंबित. आतला माणूस म्हणतो, "पोर्टलवर काय दिसतं ते मला सांगू नका. आमच्या खात्यात जमा झालं का?" कधी अर्ज 'सेंड बॅक' झालेला असतो, कधी आधार खात्याला जोडलेलं नसतं, बऱ्याचदा तिचं काहीच चुकलेलं नसतं आणि तिजोरीतून रक्कमच सुटलेली नसते. सवलतीतल्या मुलांकडून पूर्ण फी मागू नका अशा शासनाच्या सूचना आहेत. मूळ कागदपत्रं अडवू नका असं यूजीसीने 2016 मध्ये बजावलेलं आहे. त्या सूचनांची छापील प्रत घेऊन खिडकीशी भांडायची हिंमत सतरा-अठरा वर्षांच्या मुलीत नसते. ती घरी फोन करते. बाप पतसंस्थेत जातो किंवा बँकेत येतो. शिष्यवृत्ती मार्चनंतर कधीतरी येते, तोवर घेतलेल्या पैशावर व्याज चढलेलं असतं. सरकारने द्यायच्या रकमेचं व्याज असं एखादा शेतमजूर भरतो.

पगाराशी जोडलेला हप्ता यायला कायदा लागेल, निधी लागेल, रिझर्व्ह बँकेची मान्यता लागेल. दोन-चार वर्षं जातील. शिष्यवृत्तीच्या उशिराला एवढंही लागत नाही. ऊस नियंत्रण आदेश 1966चा आहे. त्यात लिहिलं आहे की उसाचं बिल चौदा दिवसांत दिलं नाही तर कारखान्याने शेतकऱ्याला पंधरा टक्क्यांनी व्याज द्यायचं. ते व्याज प्रत्यक्षात मिळवायला शेतकरी संघटनांना कोर्टात जावं लागलं हे खरं, पण कलम आहे म्हणून जाता तरी आलं. शिष्यवृत्तीच्या शासननिर्णयात तसलंच एक वाक्य घालावं: पहिल्या सत्राच्या परीक्षा फॉर्मपूर्वी रक्कम जमा झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक महिन्याचं व्याज राज्य शासन विद्यार्थ्याच्या खात्यात भरेल. मंत्रिमंडळातल्या अनेकांच्या घरात कारखानाही आहे आणि कॉलेजही, तेव्हा हे कलम कसं लिहायचं ते त्यांना कोणी शिकवायला नको.